अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या रक्ताचा जमाखर्च

३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेले बाळ काचेच्या पेटीत असले की घरातले सगळे रोज एकच विचारतात, "हिमोग्लोबिन किती?" आकडा १४ वरून १० वर आला की आजी-आजोबांचा जीव टांगणीला लागतो. बाळाच्या अंगात रक्त तयारच होत नाही का? मग डॉक्टर रक्त का चढवत नाहीत? हा हिशेब समजला तर ही काळजी बरीच हलकी होऊ शकते.

हिमोग्लोबिन म्हणजे शिल्लक. नुसत्या शिलकीवरून कमाई कळत नाही, खर्चही पाहावा लागतो. या बाळांचा खर्च मोठा असतो. मोठ्या माणसाची लाल पेशी सुमारे १२० दिवस टिकते, तर या बाळांची साधारण ३५ ते ५० दिवस. १ किलोच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून रक्त सुमारे ९० मिली, म्हणजे अर्ध्या कप चहाइतके. तपासणीला १ मिली काढले तरी शंभरातला एक भाग गेला.

कमाईही मंद असते. लाल पेशी तयार करण्याचा निरोप एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक देते. गर्भात ते मुख्यतः यकृतात बनते, पुढे हे काम मूत्रपिंडांकडे जाते. जन्मानंतर प्राणवायू भरपूर मिळू लागला की हे संप्रेरक घटते. लवकर जन्मलेल्या बाळात मूत्रपिंडांनी काम पुरते हाती घेतलेले नसते आणि यकृताला रक्ताची उणीव तितकी चटकन जाणवत नाही.

ही कमाई मोजायची कशी? अस्थिमज्जेतून नुकत्याच बाहेर आलेल्या कोवळ्या लाल पेशींना रेटिक्युलोसाइट म्हणतात. रक्तात आल्यावर एक-दोन दिवस त्या खास रंग वापरून वेगळ्या ओळखता येतात. मात्र त्यांचा टक्का फसवा असतो. ५० लाख पेशींत २ टक्के म्हणजे १ लाख, पण २५ लाखांत ३ टक्के म्हणजे ७५ हजारच. म्हणून टक्क्यापेक्षा प्रत्यक्ष संख्या पाहावी.

वजनही हिशेबात धरावे लागते. किलोमागे ९० मिली रक्त धरले, तर १ किलोच्या बाळात १४ हिमोग्लोबिन म्हणजे एकूण १२.६ ग्रॅम. तेच बाळ २ किलोचे झाले आणि आकडा १० वर आला, तर एकूण १८ ग्रॅम. मध्ये रक्त चढवले नसेल, तर मेलेल्या पेशींची आणि तपासणीत गेलेल्या रक्ताची भरपाई करून वर ५.४ ग्रॅम बाळाने स्वतः कमावले!

रक्त चढवल्यावर दात्याच्या पेशी मिसळतात आणि बाळाची स्वतःची निर्मितीही मंदावते. या पेशींचा वेगवेगळा माग काढण्यासाठी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी पेशींना बायोटिन या जीवनसत्त्वाची खूण जोडून अभ्यास केला आहे.

रक्त चढवण्याचा निर्णय एका आकड्यावर होत नाही. बाळाचे वय, श्वास, प्राणवायूची गरज आणि वजनवाढ हे सारे पाहिले जाते. तेव्हा डॉक्टरांना एवढे जरूर विचारा: रेटिक्युलोसाइट किती आहेत? वजन वाढते आहे का? तपासणीसाठी आतापर्यंत किती रक्त काढले?

आणि घरात कुणाचे दिवस भरत आले असतील, तर नाळेबद्दल आधीच बोलून ठेवा. बाळाला श्वासासाठी तातडीची मदत लागत नसेल, तर नाळ १ मिनिटाच्या आत बांधू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्या वेळात वारेतले रक्त बाळाकडे येते आणि त्याची सुरुवातीची शिल्लक वाढते.