सूक्ष्मकणी टायटॅनियम : हाडात रुजणारा बळकट धातू

शुद्ध टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनचे संशोधक पेर-इंग्वार ब्रोनमार्क यांनी दाखवून दिले. 1965 साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे दंतरोपण केले. पृष्ठभागावर आपोआप तयार होणाऱ्या ऑक्साइडच्या पातळ थरामुळे हा धातू शरीरात गंजत नाही.

परंतु शुद्ध टायटॅनियम पुरेसे बळकट नसते. त्यासाठी 6 टक्के ॲल्युमिनियम व 4 टक्के व्हॅनेडियम मिसळलेला मिश्रधातू वापरला जातो. व्हॅनेडियमचे आयन पेशींना विषारी ठरू शकतात. म्हणून शरीरात आयुष्यभर राहणाऱ्या भागात ते नसावे, असे अनेक संशोधकांना वाटते. मग काही न मिसळता बळ कसे वाढवावे?

याचे उत्तर धातूच्या अंतर्रचनेत आहे. धातू हा असंख्य स्फटिककणांचा समूह असतो. तो वाकतो तेव्हा कणांमधील सूक्ष्म दोष सरकतात आणि कणांच्या सीमेवर अडतात. कण जितके लहान, तितक्या सीमा अधिक व अडथळेही अधिक. बळातील ही वाढ कणांच्या व्यासाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. 1950 च्या दशकाच्या आरंभी हॉल व पेच यांनी मांडलेला हा नियम त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

कण बारीक करण्याच्या एका पद्धतीत तापवलेली टायटॅनियमची कांडी कोनात वळलेल्या मार्गातून दाबून पुढे ढकलतात. मार्गाची रुंदी दोन्हीकडे सारखीच असल्याने कांडी बारीक होत नाही, पण आतील कण मात्र चिरडले जातात. ही क्रिया अनेकदा करून पुढे कांडी ओढून घेतात. रशियातील उफा येथील रुस्लान वालियेव व त्यांच्या चेक सहकाऱ्यांनी 2008 साली प्रसिद्ध केलेल्या कामानुसार कण सुमारे 25 मायक्रोमीटरवरून 150 नॅनोमीटरवर आले आणि ताणबळ 700 वरून 1240 मेगापास्कलवर गेले. हे वरील मिश्रधातूच्या नेहमीच्या बळाहूनही जास्त आहे.

याचा लाभ अरुंद जबड्याच्या रुग्णाला होतो. 3.5 मिलिमीटरऐवजी 2.4 मिलिमीटर व्यासाचे रोपण बसवता येते. येथे वर्गात सोडवण्याजोगे एक गणित आहे. वाकवण्याला होणारा विरोध व्यासाच्या घनाच्या प्रमाणात असतो. म्हणून त्याच धातूचे बारीक रोपण जाड रोपणाच्या केवळ 32 टक्के भार सोसेल. सूक्ष्मकणी धातूत हे प्रमाण सुमारे 57 टक्के होते. उणीव बरीच भरून निघते, पूर्ण नव्हे. म्हणूनच असे रोपण कमी भार पडणाऱ्या पुढच्या दातांच्या अरुंद जागी शोभते.

दोन मर्यादा ध्यानात ठेवाव्यात. कण बारीक केल्याने बळ वाढते, पण ताठरता तीच राहते. टायटॅनियम हाडाच्या कित्येक पट ताठरच राहते. शिवाय अधिक तापवल्यास कण पुन्हा वाढतात व मिळवलेले बळ जाते. म्हणून अशा धातूवर उष्णतेची प्रक्रिया जपून करावी लागते.

पदार्थाचे गुण केवळ घटकांवर नव्हे, तर त्यांच्या रचनेवरही ठरतात, हे विद्यार्थ्यांना समजावण्यास याहून सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.