पंधराव्या वर्षी परराष्ट्रनीतीचा धडा

परराष्ट्रसंबंध म्हटले की तह, परिषदा आणि राजदूतांचे खलिते आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. शाळकरी मुलांचा या विषयाशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. जॉन वॉलॅक या अमेरिकन पत्रकाराच्या मनात मात्र ते आले. १९९३ च्या उन्हाळ्यात त्यांनी इस्रायली, पॅलेस्टिनी आणि इजिप्शियन अशा ४६ मुलामुलींना अमेरिकेच्या मेन राज्यात एकत्र आणले. 'सीड्स ऑफ पीस' हे या उपक्रमाचे नाव. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला राबिन आणि अराफत यांनी वॉशिंग्टनमध्ये हस्तांदोलन केले, तेव्हा ही मुले तेथे हजर होती.

पुढे ऑटिसफील्ड येथे तळ्याकाठी हे शिबिर भरू लागले. शिबिरार्थी साधारणपणे चौदा ते सोळा वर्षांचे. मुक्काम सुमारे तीन आठवड्यांचा. ज्यांची राष्ट्रे परस्परांशी लढली ती मुले एका छपराखाली निजत, एका पंगतीला जेवत, एकाच संघातून खेळत. परंतु खेळ हा शिबिराचा प्राण नव्हे. दररोज जवळजवळ दोन तास मुले समोरासमोर बसून वाद घालीत, आणि तो वाद मिटविण्याची घाई कोणी करीत नसे. आपल्याकडील आंतरशालेय स्नेहसंमेलनांत मतभेदाला जागाच नसते. त्या मानाने ही रीत मला अधिक प्रामाणिक वाटते.

२००१ पासून भारत आणि पाकिस्तान येथील मुलेही या शिबिरास जाऊ लागली. त्यांत मुंबई व लाहोर येथील विद्यार्थी होते. १९४७ हे वर्ष एकाच्या पुस्तकात स्वराज्याबरोबर आलेल्या फाळणीची जखम, तर दुसऱ्याच्या पुस्तकात स्वतंत्र मायभूमीची प्राप्ती! १९६५ च्या युद्धात तर विजय आपलाच, हे दोघेही शिकून आलेले. या अनुभवातूनच पुढे काही माजी शिबिरार्थींनी दोन्ही देशांच्या पाठ्यपुस्तकांतील वृत्तान्त शेजारीशेजारी मांडणारे पुस्तक तयार केले. ते २०१३ साली प्रसिद्ध झाले. खरे कोणते, हा निवाडा त्यांनी वाचकावर सोपविला.

तीन आठवड्यांच्या सहवासाने युद्धे थांबत नाहीत, हे उघडच आहे. ऑक्टोबर २००० मध्ये, इस्रायलमधील एक सतरा वर्षांचा अरब शिबिरार्थी पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू पावला. त्या वेळी त्याच्या अंगात शिबिराचाच हिरवा सदरा होता. त्यानंतरही इतर मुले पुन्हा एकत्र बसली, ही गोष्ट सोपी नव्हती.

अशा मुलांपुढे कोणते व्यवसाय खुले असतात, असा प्रश्न पालक विचारतील. परराष्ट्र सेवेचे नाव प्रथम सुचते. कोणत्याही शाखेच्या पदवीधरास लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून तेथे प्रवेश मिळू शकतो. मात्र जागा मोजक्याच असतात. निवड झालेल्यास एखादी परकीय भाषा शिकणे आवश्यक ठरते. याखेरीज आंतरराष्ट्रीय कायदा, व्यापार, वृत्तपत्रव्यवसाय, दुभाष्याचे काम आणि मदतकार्य ही क्षेत्रे आहेतच. यांतील बहुतेक ठिकाणी प्रतिपक्षाची बाजू, त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत, मांडता यावी लागते. त्यासाठी मेनपर्यंत जाणे सर्वांना परवडणारे नाही. पण नववी-दहावीच्या वर्गात शेजारी देशाच्या इतिहासपुस्तकातील एखादा पाठ आपल्या पाठाशेजारी ठेवून वाचण्यास मोठा खर्च येत नाही.