ताट, खाट आणि शाळा

सुरत-भुसावळ लोहमार्गावरचं, बोरी नदीकाठचं अमळनेर. प्रताप शेटजींची कापड गिरणी, त्यांनीच १९१६ साली उभं केलेलं तत्त्वज्ञान मंदिर, १९४५ सालचं प्रताप कॉलेज, असा गावाचा शैक्षणिक इतिहास चार ओळींत सांगून होतो. पण गरिबाचं पोर शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे जाणून घ्यायचं असेल तर खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कुलाचं छात्रालय पाहायला हवं, आणि तेही शंभर वर्षांपूर्वीचं.

१९२४ साली पांडुरंग सदाशिव साने नावाचे तरुण शिक्षक या शाळेत रुजू झाले. पुढे छात्रालयाचा कारभारही त्यांच्याकडे आला. आसपासच्या खेड्यांतून आलेली मुलं तिथं राहत. पोरं शाळेत गेली की साने सर त्यांच्या खोल्या झाडत, अस्ताव्यस्त अंथरुणं घडी करून ठेवत, मळलेले कपडे धुऊन वाळत घालत. कुणाला ताप आला की उशाशी बसत. त्याबद्दल अवाक्षर बोलत नसत. दोन-चार दिवसांनी मुलंच ओशाळून आपली खोली आवरू लागत. एखाद्याची फी थकली तर पगारातून भरून टाकत.

याच्या जोडीला ते रोज एक अंक स्वतःच्या हातानं लिहून काढत. त्याचं नाव ‘छात्रालय’ दैनिक. देशातल्या घडामोडी, थोरांची चरित्रं, छात्रालयातल्याच मुलांच्या चुका आणि कौतुक, सगळं त्यात असे. दिवसभर शिकवून, आजाऱ्याची शुश्रूषा करून हा माणूस रोजच्या रोज अंक काढी, ही गोष्ट आजही थक्क करते. १९३० साली सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली. ‘श्यामची आई’ हे त्यांचं पुस्तक त्यानंतरचं, १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं.

मुलांची ही काळजी त्यांना सुचली ती स्वतः भोगलेलं होतं म्हणून. कमी खर्चात शिकता येईल या आशेनं ते स्वतः कोकणातून औंधला गेले होते. तिथं उपासमार सोसली, प्लेगनं तेही गाव सोडायला लावलं, मग पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातून मॅट्रिक झाले. शाळा मोफत असली तरी पोटाचं काय, हा प्रश्न त्यांना पाठ होता.

हाच प्रश्न अलीकडच्या काळात पाहायचा तर धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं सामोडे घ्या. डॉ. राजेंद्र भारूड याच गावचे. भिल्ल कुटुंब, जन्माआधीच वडील गेलेले, आई मोहाची दारू विकून घर चालवायची. प्यायला येणारी माणसं पोराला फुटाणे आणायला पिटाळत, वर हातावर चार पैसे ठेवत. त्या पैशांतून पुस्तकं यायची, हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. शिक्षकांनी हुशारी हेरली आणि सहावीपासून हा मुलगा अक्कलकुव्याच्या जवाहर नवोदय विद्यालयात गेला. तिथं राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं सगळं फुकट. पुढे मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात एमबीबीएस, मग २०१३ च्या तुकडीत आयएएस. अक्कलकुवा ज्या नंदुरबार जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्याचे ते जिल्हाधिकारी झाले.

हुशारी त्यांची, कष्ट आईचे. पण मधली सात वर्षं दोन वेळचं ताट आणि झोपायला खाट मिळाली नसती तर? नवोदयच्या एका विद्यालयात सहावीला साधारण ८० जागा असतात. बाकीच्या मुलांचं काय होतं, ही काळजीची गोष्ट आहे.

शिक्षणहक्क कायद्यानं वयाच्या सहा ते चौदा वर्षांपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, शिक्षण मोफत केलं. मुलींना एसटीचा पासही मोफत आहे. पण सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, शिरपूर तालुक्यांतल्या पाड्यावर एसटीच येत नसेल तर पास घेऊन काय करायचं? गावची शाळा सातवी-आठवीला संपते, हायस्कूल दूर असतं, आणि तिथंच मुलीचं नाव गळतं. त्यात दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला निघतात, कुणी दक्षिण गुजरातेत, कुणी पश्चिम महाराष्ट्रात. लहान भावंडं सांभाळायला थोरली बहीण सोबत जाते. उन्हाळ्यात परतते तोवर वार्षिक परीक्षा डोक्यावर आलेली किंवा होऊन गेलेली असते. तिला गावात ठेवायचं तर ठेवायचं कुणाजवळ? वसतिगृहात जागा मिळाली तरच ती टिकते.

सरकारी मदत नाही असं नाही. आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्तीची परीक्षा उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. आदिवासी विद्यार्थ्यांना वसतिगृहं आहेत, बारावीनंतर शिकताना तिथं जागा न मिळाल्यास स्वयम् योजना आहे. पण यातलं काहीही मिळवायचं तर जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं लागतं. ऊसतोडीवर गेलेल्या बापानं तहसीलला खेटे कधी घालायचे? खानावळीचे पैसे मात्र दर महिन्याला द्यावे लागतात, शिष्यवृत्तीचा हप्ता येईपर्यंत ती थांबत नाही.

म्हणून एखाद्या गरीब मुलाचं शैक्षणिक पालकत्व घ्यायचं असेल तर वह्यावाटपावर थांबू नये. जूनमध्ये दप्तरं वाटून फोटो काढणारे पुष्कळ भेटतात, जानेवारीत खानावळ भरणारा विरळा. ओळखीच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटावं आणि आठवी संपवून शिकायला दूर जाणारी, जिच्या घरचे ऊसतोडीला जातात अशी मुलगी कोण आहे ते विचारावं. नववी ते बारावी अशी चार वर्षं तिच्या राहण्या-जेवणाची जबाबदारी घ्यावी, पैसे पावतीनं द्यावेत, दाखल्यांसाठी एखादी चक्कर तहसीलला आपण मारावी. तिला व्यासपीठावर उभं करू नये. एकट्याला झेपत नसेल तर चार घरांनी मिळून एक मुलगी घ्यावी. पण घेतली की बारावीचा निकाल लागेपर्यंत सोडू नये.