तारुण्य सरले, पिटिका राहिल्या

एखाद्या व्याधीचे नावच तिच्याविषयी गैरसमज पसरवीत राहते, याचे ठळक उदाहरण म्हणजे 'तारुण्यपिटिका'. सुश्रुतसंहितेने क्षुद्ररोगांमध्ये 'मुखदूषिका' या नावाने त्यांची नोंद केली, त्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली आणि त्या तरुणांच्या मुखावर उठतात, असे सांगून ठेवले. तेव्हापासून तारुण्य आणि पिटिका यांची जी गाठ पडली, ती आजतागायत सुटलेली नाही. आमच्या बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात एकेका गल्लीत तीन-तीन भाषा नांदतात. कन्नड शेजारीण याच दुखण्याला 'मोडवे' म्हणते, दखनी बोलणारी 'मुहासे' म्हणते. या शब्दांना वयाची अट नाही. आपल्या बोलीतल्या 'मुरुमा'लाही ती नाही. अट आहे ती केवळ आपल्या पुस्तकी शब्दाला. आणि तीच मनात धरून चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी भगिनी हे दुखणे लाजेकाजेने लपवीत राहतात.

हळदीकुंकवाला किंवा लग्नघरी चार बायका जमल्या, की कोणीतरी सहज विचारून जाते, "अहो काकू, या वयात हे काय हो?" विचारणारीच्या मनात वाईट नसते, पण ऐकणारी पदर सावरीत मागच्या रांगेत जाऊन बसते. भालकी-औरादच्या सोयरिकी उदगीर-लातूरकडे, आळंद-बसवकल्याणच्या सोयरिकी उमरगा-सोलापूरकडे. त्यामुळे दरसाल लग्नसराईत असे प्रश्न झेलण्याचे प्रसंग काही थोडे येत नाहीत. मौज अशी, की मुलीच्या चेहऱ्यावर दोन पुटकुळ्या उठल्या तर हीच माउली 'पाहण्याच्या कार्यक्रमा'आधी तिला डॉक्टरांकडे घेऊन जाते, फी भरते, मलम आणते. स्वतःच्या वाट्याला आले, की मात्र "आता आम्हांला कोण पाहायला येणार आहे?" असे म्हणून विषय संपविते, आणि बाजाराच्या दिवशी मेडिकलच्या दुकानातून एखादी स्वस्त ट्यूब गुपचूप विकत घेते. आमच्या मते खरे संकट मुरुमात नाही. ते त्या लाजेत आणि त्या ट्यूबमध्ये आहे.

हे होते तरी का?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वयाच्या २५ वर्षांनंतर मुरुमे राहणे किंवा नव्याने येणे ही वैद्यकाला चांगली परिचित असलेली अवस्था आहे, आणि ती पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळते. त्वचेच्या प्रत्येक केसाच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते. ती तेल किती स्रवते, हे मुख्यत्वे अँड्रोजेन नावाच्या संप्रेरकांवर अवलंबून असते. ही संप्रेरके पुरुषी म्हणून ओळखली जात असली, तरी स्त्रीच्या शरीरातही अल्प प्रमाणात असतातच. तेल वाढले, मृत पेशींनी रंध्राचे तोंड बुजले, आत नेहमी वस्तीला असणारे जंतू फोफावले आणि शरीराने त्यांच्याशी झुंज मांडली, म्हणजे मुरूम उठतो.

रजोनिवृत्ती जवळ येऊ लागते, तेव्हा स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन चढउतार करीत उतरणीला लागते. अँड्रोजेन मात्र त्या मानाने टिकून राहते. तराजूचे एक पारडे हलके झाले, की दुसरे आपोआप जड दिसू लागते, तसाच हा प्रकार. म्हणूनच या वयातील मुरुमे कपाळापेक्षा हनुवटीवर, जबड्याच्या कडेने आणि मानेवर अधिक उठतात; ती खोल व ठणकणारी असतात आणि मासिक पाळीच्या आधीच्या आठवड्यात हटकून डोके वर काढतात. 'पोट साफ नाही' किंवा 'अंगात उष्णता झाली' या घरगुती निदानांनी त्यांचा उलगडा होत नाही.

अर्थात सगळाच दोष वयाला देऊनही चालणार नाही. पाळी अनियमित होणे, ओठावर व हनुवटीवर राठ केस येणे, डोक्याचे केस विरळ होणे या गोष्टी मुरुमांच्या जोडीने दिसल्या, तर बीजांडकोशाच्या विकाराची तपासणी करून घ्यावी. शिकागो येथील स्टाइन व लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली वर्णन केलेला आणि आज 'पीसीओएस' या नावाने घरोघर ठाऊक झालेला विकार तो हाच. मुरुमे एकाएकी आणि झपाट्याने वाढली, आवाज घोगरा होऊ लागला, तर मुळीच विलंब करू नये. क्षयावरील आयसोनियाझिड, फेफऱ्यावरील फेनिटॉइन, मनोविकारांवरील लिथियम अशा काही औषधांनीही मुरुमे येतात. ती औषधे मनानेच बंद करणे धोक्याचे असते. ज्यांनी दिली त्यांच्या कानावर मात्र ही गोष्ट घालावी.

एका ट्यूबची कथा

आता त्या ट्यूबकडे वळू. १९५२ साली अमेरिकेत सुल्झबर्गर व विटेन यांनी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड त्वचेवर लावून पाहिले आणि त्वचारोगांच्या उपचारांत नवे युग सुरू झाले. इसबासारख्या विकारांत या औषधांचे उपकार मोठे आहेत, हे विसरून चालणार नाही. पुढे १९७५ मध्ये क्लिगमन व विलिस या शास्त्रज्ञांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड यांचे तिहेरी मिश्रण काळे डाग घालविण्यासाठी सुचविले. वांगासारख्या डागांवर, मोजक्या काळापुरते, डॉक्टरांच्या नजरेखाली वापरावे असे हे औषध. आपल्याकडे मात्र त्याच जातीच्या मिश्रणांना गोरेपणाचे मलम म्हणून बाजारात मान मिळाला; मुरूम असो, डाग असो, खाज असो, सर्वांवर तोच उतारा ठरला.

स्टेरॉइड लावले, की पहिले आठ-दहा दिवस चमत्कार वाटावा असा गुण येतो. लाली ओसरते, ठणका थांबतो, चेहरा उजळतो. पण आत त्वचा पातळ होत असते, बारीक रक्तवाहिन्या जाळ्यासारख्या दिसू लागतात, गालांवर नको तेथे लव वाढते आणि स्टेरॉइडमुळेच नवी मुरुमे उगवतात. घाबरून ट्यूब बंद करावी, तर आग, लाली आणि पुरळ दुपटीने उसळतात. म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब आणते. सावकाराचे व्याज फेडण्यासाठी त्याच सावकाराकडून नवे कर्ज काढावे, तशी ही गत.

ही केवळ आमची भीती नव्हे. देशातील १२ केंद्रांवर झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावीत होते, असे त्यात आढळले. त्यांतील निम्म्याहून अधिकांना, म्हणजे २५७ जणांना, ते लावण्याचा सल्ला डॉक्टरांनी नव्हे, तर इतर कोणी दिलेला होता. आणि दुष्परिणामांत पहिला क्रमांक कशाचा होता? मुरुमांचाच! २२५ रुग्णांत ती नव्याने आलेली किंवा वाढलेली होती. ज्याच्यावर उपाय म्हणून ट्यूब आणली, तेच ट्यूबने पदरात घातले.

मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशा १४ स्टेरॉइडांची मलमे 'अनुसूची एच' मध्ये घातली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. कायदा झाला, तरी दारातला पहारेकरी आपणच व्हावे लागते. ट्यूबवरची अक्षरे इंग्रजीत आणि बारीक असतात. घरातील शिकत्या मुलाकडून ती वाचून घ्यावीत. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बेक्लोमेथासोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज ते मलम तोंडाला लावू नये. पुष्कळ दिवसांपासून लावीत असाल, तर ट्यूब बरोबर घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे आणि ती कशी सोडवायची हे त्यांच्याकडूनच समजून घ्यावे.

उपाय आणि धीर

मुरुमांवर खरे उपाय आहेत. पण ते सावकाश चालतात. रात्री लावायचे अ‍ॅडापॅलीन किंवा ट्रेटिनॉइन रंध्रांची तोंडे मोकळी करते. सबंध चेहऱ्याला वाटाण्याएवढे मलम पुरते. अधिक लावल्याने गुण लवकर येत नाही, कातडी मात्र सोलते. बेन्झॉइल पेरॉक्साइड जंतूंना आवरते. पण उशीच्या अभ्र्याचा आणि पातळाचा रंग उडविते, हे ध्यानी ठेवावे. प्रतिजैविके एकटी आणि दीर्घकाळ घेऊ नयेत. संप्रेरकांमुळे येणाऱ्या मुरुमांवर डॉक्टर काही स्त्रियांना स्पायरोनोलॅक्टोन देतात. मुळात हे औषध अंगातील पाणी उतरविण्याचे. इंग्लंड व वेल्स येथील ४१० स्त्रियांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा मुरुमांवरील गुण स्पष्ट झाला. फार हट्टी मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन आहे. १९८२ पासून अमेरिकेत वापरात असलेले हे औषध प्रभावी, पण गर्भाला अत्यंत घातक आहे. पाळी अजून चालू असेल, तर चाळिशीतही गर्भ राहू शकतो. म्हणून या साऱ्या औषधांपूर्वी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलणे अगत्याचे आहे.

कोणताही उपाय पारखण्यास किमान ८ ते १२ आठवडे द्यावेत. आषाढात सुरू केलेल्या औषधाचे फळ दसऱ्याच्या सुमारास पाहावे. पंधरा दिवसांत तोंड उजळविण्याचे वचन देणारा बहुधा त्याच जुन्या ट्यूबचा सोयरा असतो.

घरच्या घरी करण्यासारखेही थोडे आहे. तोंड सौम्य साबणाने दिवसातून दोनदा धुवावे, घासू नये. लिंबू, खाण्याचा सोडा, दात घासण्याची पेस्ट हे प्रयोग त्वचेला भाजतात. डोक्याला चापून लावलेले तेल कपाळावर ओघळले, तर तेथील रंध्रे बुजतात. केसांच्या तेला-मलमांनी कपाळावर उठणाऱ्या मुरुमांचे वर्णन अमेरिकेतील त्वचावैद्यांनी १९७० मध्येच केले आहे. मुरूम पिळू नये. आपल्या गव्हाळ-सावळ्या वर्णावर तो गेल्यावरही काळा डाग महिनोन्‌महिने रेंगाळतो आणि ऊन त्याला अधिकच गडद करते. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो; तेव्हा शेतात, बाजारात जाताना छत्री, पदर आणि उन्हापासून रक्षण करणारे मलम यांचा आधार घ्यावा.

आहाराविषयी अतिरेकी पथ्ये सांगणारे पुष्कळ भेटतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगात, रक्तातील साखर झपाट्याने न वाढविणारा आहार १२ आठवडे घेतलेल्या तरुणांची मुरुमे अधिक कमी झाली. प्रयोग लहान, ४३ तरुणांचा. त्यावरून सर्वांसाठी नियम करता येत नाही. तरीपण गोड चहाचे कप आणि बेकरीचे जिन्नस कमी करण्यात तोटा काहीच नाही. ज्वारीची भाकरी, कलबुर्गीच्या तुरीचे वरण आणि पालेभाजी हे आपले ताट मोडून परक्या आहाराच्या मागे लागण्याचे कारण मात्र नाही.

दार दूर नाही

पूर्वी त्वचेच्या डॉक्टरांसाठी सोलापूर किंवा हैदराबाद गाठावे लागे. आता बीदर आणि कलबुर्गी या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. कलबुर्गीचे महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय तर १९६३ पासूनचे. ऑक्टोबर २०१७ मध्ये बीदर-कलबुर्गी लोहमार्ग पूर्ण खुला झाल्यापासून या दोन शहरांतील येणे-जाणेही सोपे झाले आहे. डॉक्टर कन्नड बोलणारे असले म्हणून संकोच करू नये. बाजारात भाजी घेताना जी भाषा आपल्याला अडत नाही, ती दवाखान्यात का अडावी?

शेवटी दोन शब्द घरच्यांसाठी. चेहऱ्यावरील मुरुमे ही ज्याची त्याला दिवसातून दहा वेळा आरशात दिसतात; ती पुन्हा दाखवून देण्याची गरज नसते. 'या वयात हे काय?' असे विचारण्याऐवजी पतीने, सुनेने किंवा लेकीने, "उद्या दवाखान्यात जाऊ, मी बरोबर येते," एवढे म्हटले, तर अर्धे औषध तेथेच झाले. मुलीच्या चेहऱ्यावर खर्च करणे हे कर्तव्य आणि आईच्या चेहऱ्यावर करणे ही चैन, हा हिशेब आपल्या घरांतून आता निघाला पाहिजे. जिने घरातील सर्वांची दुखणी काढली, तिच्या या दुखण्याला निदान दुखणे म्हणण्याइतका मान आपण तिला देऊ या.