गणवेश मुलाचा, चौकशी पालकांची

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात तेव्हा हमरापुरात कोणाला मान वर करायला फुरसत नसते. पेण तालुक्यातल्या हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पट्ट्यात घरांना लागून गणपतीचे कारखाने आहेत. साच्यातून निघालेल्या मूर्ती घासायच्या, रंगवायच्या, डोळ्यांची आखणी करायची आणि भाद्रपदाच्या आत मुंबई-पुण्याकडे माल रवाना करायचा. नेमक्या याच धांदलीत पाचवी-सहावीतला मुलगा दप्तरातून एक कागद काढतो. शाळेच्या स्काऊट पथकात नाव द्यायचे आहे, पालकांची सही हवी. रंगाने माखलेल्या बोटांनी सही होते, गणवेशाचे पैसे किती ते विचारले जाते आणि विषय तिथेच मिटतो.

तो इतक्या लवकर मिटू नये. पथकात गेलेला मुलगा आठवड्यातून एकदा का होईना, शाळेच्या बाकाबाहेर, वेगळ्या शिस्तीत आणि काही वेळा घरापासून दूर मुक्कामी राहणार असतो. अशा वेळी पालकांना दोन कामे करावी लागतात आणि ती एकमेकांच्या अगदी उलट आहेत. मुलाला सांभाळणाऱ्या मोठ्या माणसांची कसून चौकशी करायची, आणि मुलाच्या कामात मात्र ढवळाढवळ करायची नाही. बहुतेक घरांत नेमके याच्या उलट होते. सरांना काही विचारायचा संकोच वाटतो आणि मुलाची पिशवी आई भरून देते.

पथकात नेमके चालते काय

बाहेरून पाहणाऱ्याला स्काऊट म्हणजे संचलन आणि सलामी वाटते. गणवेशामुळे अनेकांना ती सैन्याची तयारीही वाटते. या चळवळीचा जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल हा ब्रिटिश लष्करी अधिकारी होता हे खरे, पण १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउन्सी बेटावर त्याने वीसएक मुलांचे जे पहिले शिबिर घेतले, त्यात श्रीमंतांच्या शाळांतली मुले आणि कष्टकऱ्यांची मुले एकाच तंबूत राहिली. छोट्या गटात राहायचे, गटाचा नायक मुलांतलाच असायचा आणि शिकायचे ते हातांनी करून, हा त्या शिबिराचा गाभा. तो आजही बदललेला नाही.

भारतात ही चळवळ १९०९ मध्ये आली, पण सुरुवातीला ती इंग्रज आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती होती. भारतीय मुलांसाठी ॲनी बेझंट यांनी मद्रासला, तर मदनमोहन मालवीय आणि हृदयनाथ कुंझरू यांनी अलाहाबादला स्वतंत्र संघटना उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर वेगवेगळे प्रवाह एकत्र आले आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काऊट आणि गाईड ही संस्था स्थापन झाली. मुलींची गाईड संघटना पुढच्या वर्षी तिच्यात सामील झाली. मुलींच्या या चळवळीचे एक जागतिक केंद्र तर पुण्यातच आहे. येरवड्याजवळ आळंदी रस्त्यावर १९६६ पासून चालणारे ‘संगम’ हे जगातल्या मोजक्या गाईड केंद्रांपैकी एक आहे आणि तिथे देशोदेशीच्या मुली येऊन राहतात.

रचना वयाप्रमाणे आहे. दहा वर्षांपर्यंतचे मुलगे कब आणि मुली बुलबुल. दहा ते सतरा या वयात स्काऊट आणि गाईड. त्यापुढे पंचविशीपर्यंत रोव्हर आणि रेंजर. स्काऊट पथकात साधारण सहा ते आठ मुलांचा एक संघ असतो आणि पूर्ण पथकात बत्तीसपेक्षा जास्त मुले नसतात. हा आकडा पालकांनी लक्षात ठेवावा. एका सरांच्या अंगावर साठ मुले सोपवलेली असतील, तर तिथे कवायत होईल, स्काऊटिंग होणार नाही.

प्रवेशानंतर प्रथम, द्वितीय, तृतीय असे सोपान चढत जायचे असतात. गाठी बांधणे, प्रथमोपचार, नकाशा आणि होकायंत्र वाचणे, उघड्यावर चूल मांडून स्वयंपाक करणे, जखमीला नेण्यासाठी काठ्या आणि चादरीचे स्ट्रेचर तयार करणे, हे सारे त्यात टप्प्याटप्प्याने येते. पुढे राज्यपालांच्या हस्ते मिळणारा राज्य पुरस्कार आणि त्याच्याही वर राष्ट्रपती पुरस्कार. प्रत्येक सोपानाला ठरावीक महिने द्यावेच लागतात, त्यामुळे वरच्या पुरस्कारापर्यंत जायला काही वर्षे लागतात. ‘यंदा घातला, यंदाच प्रमाणपत्र मिळेल का?’ असे विचारणाऱ्या पालकाची निराशा ठरलेली आहे. रेल्वेत स्काऊट-गाईड कोट्यातून भरती होते हे खरे, पण तिथेही वरचा पुरस्कार आणि अनेक वर्षांचे सक्रिय काम या दोन्ही गोष्टी पाहिल्या जातात. स्काऊटमुळे दहावीत मिळणाऱ्या गुणांबद्दल कोणी काही सांगितले, तर त्या वर्षीचा शासन निर्णय शाळेत जाऊन वाचावा, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

खर्चाचा भाग छोटा आहे, पण गैरसमज इथेच होतात. राखाडी सदरा, निळी पँट, गळ्यातला स्कार्फ आणि तो अडकवायचा वॉगल एवढा मूळ गणवेश. स्कार्फ आणि सदस्यत्वाचे चिन्ह दीक्षाविधीत, वचन घेतल्यानंतर मिळते. त्यामुळे दुकानात दिसतील ती चिन्हे आधीच विकत घेऊन सदऱ्यावर शिवून टाकू नयेत. ती मिळवायची असतात. वचनात ईश्वराचा उल्लेख आहे, पण कोणाला तो नको असेल तर त्याजागी ‘धर्म’ हा शब्द घेण्याची मुभा आहे. प्रार्थना कोणत्याही एका पंथाची नसते.

सरांना विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न नोंदणीचा. स्काऊट या नावाने देशात एकापेक्षा जास्त संघटना काम करतात आणि गणवेश दुरून सारखेच दिसतात. शाळेचे पथक कोणत्या संस्थेकडे नोंदवले आहे, यंदाची नोंदणी झाली आहे का आणि मुलाचे नाव त्या यादीत आहे का, हे विचारण्यात अपमानास्पद काही नाही. शंका आली तर जिल्हा संघटकांकडे खातरजमा करता येते.

दुसरा प्रश्न प्रशिक्षणाचा. आपल्याकडची बहुतेक पथके शाळेशी जोडलेली आहेत आणि स्काऊट मास्तर किंवा गाईड कॅप्टन हे तिथलेच शिक्षक असतात. तासिका, वह्या, सर्वेक्षणे आणि निवडणुकीची कामे सांभाळून ते हे काम करतात, त्यांच्याबद्दल आदर असायलाच हवा. तरीही त्यांनी बेसिक कोर्स केला आहे का, हे विचारावे. त्यापुढे ॲडव्हान्स्ड आणि मग हिमालय वुड बॅज असे टप्पे असतात. प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाला हा प्रश्न आवडतो.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड आणि सगळ्यात गरजेचा. मुलासोबत एकटा मोठा माणूस कधी असणार आहे का?

अमेरिकेतल्या अनुभवाने या प्रश्नाची किंमत दाखवून दिली. तिथल्या बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका या संघटनेने फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. लहानपणी पथकात लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगणारे ८२ हजारांहून अधिक दावे त्यानंतर पुढे आले आणि भरपाईसाठी सुमारे २.४ अब्ज डॉलरचा निधी उभारावा लागला. कित्येक दशके संघटनेने संशयित प्रौढांच्या गोपनीय फायली ठेवल्या होत्या; पालकांना त्यांचा पत्ता नव्हता. आज जागतिक स्काऊट संघटना ‘सेफ फ्रॉम हार्म’ या नावाने बालसुरक्षेचे धोरण राबवते. त्यातला साधा नियम असा की प्रौढ आणि मूल बंद जागेत एकटे असू नयेत, आणि प्रवासात व मुक्कामात किमान दोन जबाबदार प्रौढ असावेत. गाईड आणि बुलबुलच्या शिबिरात रात्रीच्या मुक्कामाला महिला शिक्षिका आहेत ना, हेही विचारूनच घ्यावे.

आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामुलीला लागू आहे. गुन्हा घडल्याचे माहीत असून तो न कळवणे हाही त्या कायद्याने गुन्हा ठरतो. शाळेची बदनामी होईल म्हणून आपसात मिटवू, असे कोणी सुचवले तर ते सुचवणेच चुकीचे आहे. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक मुलालाही पाठ असावा, आणि तो त्याने कधी वापरावा हे घरात नीट बोलून ठेवावे.

शिबिर आणि पाणी

कोकणातल्या शिबिराचा सर्वांत मोठा धोका पाणी हा आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून मुरूडला सहलीला आलेल्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी समुद्रात बुडाले. तो पावसाळा नव्हता, वादळ नव्हते; दुपारची वेळ होती. ती स्काऊटची सहल नव्हती, पण धडा तोच आहे. बाहेरगावच्या मुलांना आणि शिक्षकांना भरती-ओहोटीचा अंदाज नसतो. खाडीकाठच्या गावांतल्या पालकांना तो असतो. त्यामुळे शिबिराची जागा कळली की पाणी किती लांब आहे, मुले त्यात उतरणार आहेत का, तिथले कोणी माहीतगार सोबत आहे का, हे इथल्या पालकांनी विचारावे आणि आपल्याला माहीत आहे ते सरांना सांगावे. पावसाळ्यात धबधब्याखाली किंवा दरडीच्या कुशीत पदभ्रमण ठरत असेल तर सरळ नकार द्यावा. जुलै २०२१ मध्ये तळीये आणि जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी या पेणच्याच जिल्ह्यातल्या वस्त्या दरडीखाली गेल्या.

नियोजन मोठे असले म्हणजे सुरक्षित असतेच असे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये दक्षिण कोरियात भरलेल्या जागतिक जांबोरीला, म्हणजे स्काऊटच्या मोठ्या मेळाव्याला, चाळीस हजारांहून अधिक मुले-मुली आली होती. तीव्र उष्णता, अपुरी स्वच्छतागृहे आणि पाणी साचलेले मैदान यांमुळे शेकडो जण आजारी पडले. ब्रिटन आणि अमेरिकेच्या तुकड्या मधेच निघून गेल्या आणि शेवटी वादळाच्या इशाऱ्यामुळे सगळे मैदान रिकामे करावे लागले. तालुक्याच्या शिबिरालाही हेच तीन प्रश्न लागू पडतात: सावली आणि पिण्याचे पाणी आहे का, संडास किती आहेत, आणि हवामान बिघडले तर मुले कुठे जाणार? त्यांना चौथा जोडावा: जवळचा दवाखाना कोणता आणि तिथे नेणारे वाहन कोणाचे?

पालकांचीही एक जबाबदारी आहे. दमा, फिट, ॲलर्जी, रात्री अंथरूण ओले होणे, चालू असलेली गोळी, हे सगळे कागदावर लिहून सरांच्या हातात द्यावे. लाजेखातर लपवलेली गोष्ट शिबिरात रात्री दोन वाजता उघड होते, आणि तेव्हा मूल एकटे पडते.

आता हात मागे घ्यायचे

एवढी चौकशी झाली की पालकांचे काम जवळपास संपते. पुढचे मुलाचे. पिशवी त्याने भरावी. टॉर्च विसरला तर दुसऱ्याच्या उजेडात चालेल, पण पुढच्या वेळी विसरणार नाही. गाठ सुटली तर त्याने पुन्हा बांधावी. कारखान्यात वाढलेल्या मुलांना हे नवे नाही. मूर्तीचा हात पहिल्या दिवशी जमत नाही, हे त्यांनी रोज पाहिलेले असते.

‘खरी कमाई’ या उपक्रमात पालकांची लुडबूड सर्वांत जास्त दिसते. मुलांनी स्वतः कष्ट करून थोडे पैसे मिळवावेत, त्यातून श्रमाची किंमत कळावी, हा त्याचा हेतू. प्रत्यक्षात आई वडे तळते, बाबा टेबल मांडतात आणि मुलगा गल्ल्यावर बसतो. त्याऐवजी त्याला शेजाऱ्यांची सायकल धुऊ द्यावी, कागदी पिशव्या चिकटवू द्याव्यात, त्याच्या हाताची भेळ थोडी खारट झाली तरी विकू द्यावी. मिळालेले पैसे आणि झालेला खर्च त्यानेच वहीत मांडावा.

शिबिरातून परतल्यावर ‘काय शिकवले?’ या प्रश्नाला ‘खूप काही’ एवढेच उत्तर येते. त्यापेक्षा संघात कोण कोण होते, जेवण कोणी रांधले, रात्री कुठे झोपलात, कोणते सर किंवा बाई आवडल्या आणि कोणाची भीती वाटली, असे विचारले की गप्पा सुरू होतात. सुरक्षेविषयीची महत्त्वाची माहितीही याच गप्पांतून हाती लागते.

हमरापूरच्या घरांसाठी वर्षाची खरी परीक्षा गणेशोत्सवात असते. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी विसर्जनाच्या दिवशी स्काऊट-गाईडची मुले निर्माल्य गोळा करायला आणि गर्दीला वाट दाखवायला उभी राहतात. सेवा म्हणून हे काम चांगले आहे, पण लहान मुलांची जागा काठापासून लांब असावी, वाहत्या रस्त्याच्या मधोमध त्यांना उभे करू नये आणि अंधार पडण्याआधी त्यांची सुट्टी व्हावी. घरचे सगळे त्या दिवशी कामात किंवा मिरवणुकीत असतील, तर मुलाला न्यायला कोण येणार, त्या माणसाचे नाव आणि मोबाइल क्रमांक आदल्या दिवशीच सरांकडे लिहून द्यावा.