खिशाची झडती झाली, डोक्याचं काय?

साकोलीच्या एका वाचकबाईंचा मुलगा पुण्यात कॉल सेंटरला लागलाय. रात्रपाळीत परदेशी ग्राहकांचे फोन घेतो. मोबाईल, पेन, कागदाचा चिटोरा, सगळं दारातच काढून ठेवावं लागतं. ‘माझ्या पोरावर असा चोरासारखा संशय कशापायी?’ असं त्या विचारतात.

याचं उत्तर पुण्यातच सापडतं. एप्रिल 2005 मध्ये तिथल्या एमफॅसिसच्या कॉल सेंटरमधल्या काही आजी-माजी कर्मचाऱ्यांना पोलिसांनी पकडलं. सिटीबँकेच्या अमेरिकी ग्राहकांशी गोड बोलून पिन काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या खात्यांत वळवले, असा आरोप होता. झडती तेव्हाही व्हायची. पण आकडे पाठ केले तर झडतीत काय सापडणार?

आणि चार आकडे पाठ करायला कितीसा वेळ लागतो! ते चारच का, याचाही किस्सा आहे. शिलाँगमध्ये जन्मलेल्या जॉन शेफर्ड-बॅरन यांचं रोख देणारं यंत्र 1967 मध्ये लंडनमधल्या एनफील्डला बसलं. सहा आकडे ठेवायचा त्यांचा बेत होता. ‘माझ्या चारच लक्षात राहतील’ म्हणून पत्नी कॅरोलाईननं तो मोडला, असं ते सांगत. (पिनचं 1966 चं पेटंट मात्र स्कॉटलंडच्या जेम्स गुडफेलो यांचं. ब्रिटिश सरकारनं त्यांचा सन्मान केला तो थेट 2006 मध्ये!)

तेव्हा झडतीपेक्षा पक्का उपाय एकच, आकडा माणसापर्यंत पोचूच द्यायचा नाही. ग्राहकानं तो तोंडी सांगण्याऐवजी फोनची बटणं दाबायची. प्रत्येक बटणातून दोन सूर एकदम निघतात, झाडीपट्टीच्या नाटकातल्या पेटीवाल्यानं दोन पट्ट्या एकत्र दाबाव्यात तसे. आडव्या ओळीचा खालचा, उभ्या ओळीचा वरचा. 5 दाबला की 770 आणि 1336 हर्ट्झ. ही जोडी रेकॉर्डिंगमध्ये राहिली तर संगणक आकडा चटकन ओळखतो. म्हणून मध्ये बसवलेली यंत्रणा खरे सूर गिळून टाकते. कर्मचाऱ्याला प्रत्येक बटणाला एकच सपाट ‘टूं’ ऐकू येतो, पडद्यावर नुसत्या चांदण्या दिसतात.

काम भारतात आलं म्हणून माहिती फुटते, हा परदेशातला ओरडा मला पटत नाही. पाठांतर अमेरिकेतल्या कारकुनालाही जमतं. पण आपलीही बाजू फार भक्कम नाही. आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं परदेशी कंपनीच्या करारावर हाताळल्या जाणाऱ्या परदेशी ग्राहकांच्या माहितीला बहुतेक तरतुदींतून सूट दिलीय. माहिती सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी तेवढी कायम आहे.

बाई, तुमच्या मुलावर संशय नाही. उलट उद्या काही फुटलं तर झडतीच त्याच्या बाजूनं बोलेल. त्याला एवढंच सांगा, की ग्राहक आपणहून पिन सांगू लागला तरी त्याला मध्येच थांबवायचं. आणि तुम्हाला कुणी ‘बँकेतून बोलतोय’ म्हणत पिन किंवा ओटीपी मागितला, तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.