गुलमर्गचा बर्फ आणि उधारीचा माल

गुलमर्गच्या दुकानांना उबदार कपडे उधारीवर देणाऱ्या व्यापारी बंधूंनी हवामानाचा अंदाजही पाहावा. तेथे बर्फ येतो तो भूमध्य समुद्राकडून निघणाऱ्या वाऱ्या-ढगांबरोबर. हवामान खाते त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणते. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, म्हणजे चिल्ला-ए-कलां, कडाक्याच्या थंडीचे. तेव्हा पडलेला बर्फ टिकतो.

अंदाजात उंची अवश्य पाहावी. गुलमर्गचे मैदान सुमारे २६५० मीटरवर आहे. गंडोला मात्र अफरवत डोंगरावर ३९०० मीटरच्या वर नेतो. त्यामुळे कधी वर बर्फ, खाली पाऊस! स्कीवाला वर खूश असतो, पण स्लेज ओढणारे, बूट-कोट भाड्याने देणारे, शालवाले यांची रोजी खालच्या बर्फावर. जानेवारी २०२४ मध्ये बहुतेक महिना मैदान कोरडेच होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये खेलो इंडियाचे हिवाळी सामने बर्फाअभावी मार्चवर गेले.

तीन-चार दिवसांचा अंदाज बऱ्यापैकी भरवशाचा असतो, महिन्याभराचा नव्हे. सबब निम्मा माल आधी द्यावा, बाकीचा खालच्या मैदानात बर्फ बसल्यावर. मात्र तो श्रीनगरच्या गोदामात आधीच असावा. मोठ्या बर्फ-पावसात रामबनकडे दरडी कोसळून महामार्ग बंद पडतो.